मोठे टायर आणि क्राउन-पिनियनचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

पिकअपला मोठे टायर बसवले की गाडी दिसायला दमदार होते आणि ओढायला मंद. मग डिफ्रन्शियलमधली (चाकांमधल्या, त्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीतली) क्राउन-पिनियनची, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चक्रांची, जोडी बदलून गेलेली ओढ परत मिळवावी, असा सल्ला कुठून ना कुठून मिळतो. सल्ला बरोबर असतो, पण रेशोचा (क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते) आकडा कोणता आणि काम कसं, इथे गाडी अडते. या अंकात त्याच प्रश्नांना जागा दिली आहे. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत, कारण हा उद्योग तिथेच सर्वांत जास्त चालतो. शेवटचं पत्र पुण्याचं आहे.

प्रश्न : माझी २०१९ ची टोयोटा टॅकोमा आहे. ३.५ लिटर व्ही-६, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर. मूळ टायर २६५/७०आर१६ होते, आता २८५/७०आर१७ आहेत. आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना गाडी सारखी चौथ्यातून तिसऱ्यात आणि परत चौथ्यात जाते. मूळ रेशो ३.९१ आहे. ४.३० घेऊ की ४.८८?
— एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : आधी साधा हिशेब. २६५/७०आर१६ चा व्यास ३०.६ इंच, २८५/७०आर१७ चा ३२.७ इंच. जुन्या रेशोला नव्या व्यासाने गुणायचं आणि जुन्या व्यासाने भागायचं : ३.९१ × ३२.७ ÷ ३०.६ = ४.१८. म्हणजे कंपनीने दिली तशीच ओढ परत हवी असेल तर ४.३० पुरेल, किंबहुना थोडी जास्तच होईल. कागदावर प्रश्न इथे संपतो. तुमच्या रस्त्यावर तो संपत नाही.

या गाडीच्या गिअरबॉक्सचे आकडे बघा. तिसरा १.४९, चौथा १.००, पाचवा ०.६९, सहावा ०.५८. सहावा फारच लांब आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांना मूळ टायरवर इंजिन मिनिटाला जेमतेम १६२० फेऱ्यांवर चालत होतं. आताच्या टायरवर ते १५१५ च्या आसपास आलं असेल. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४६०० फेऱ्यांना येतो. दीड हजारावर त्याच्यात दम नाही, त्यामुळे जरासा चढ किंवा समोरून वारा आला की संगणक गिअर खाली घेतो.

चढावर काय होतं तेही आकड्यात पाहा. ताशी ६० मैलांना तुमचं इंजिन चौथ्यात सुमारे २४०० फेऱ्यांवर आहे आणि तिसऱ्यात सुमारे ३६०० वर. त्या चढाला २४०० कमी पडतात आणि ३६०० जास्त होतात. मधली पायरीच नाही, म्हणून गाडी दोन पायऱ्यांवर उड्या मारते. त्यात बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. वरती पोचेपर्यंत तुमच्याकडे कागदावरच्या ताकदीपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपासच उरते. ४.८८ टाकल्यावर त्याच वेगाला चौथा गिअर ३००० फेऱ्यांवर येतो, म्हणजे नेमक्या त्या हरवलेल्या मधल्या पायरीवर. सपाट रस्त्यावर सहाव्यात ६५ मैलांना सुमारे १८९० फेऱ्या होतील. हे कुठल्याही अंगाने जास्त नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट ४.८८ चं आहे. ४.३० ला काम तेवढंच, मजुरी तेवढीच आणि फरक थोडा. पुढेमागे ३५ इंची टायरचा विचार पक्का असेल तर आत्ताच ५.२९ घ्या, कारण दुसऱ्यांदा हे काम करणं म्हणजे सगळा खर्च दुसऱ्यांदा. पण ३२.७ वरच राहणार असाल तर ५.२९ नको. मोठ्या आकड्याच्या जोडीत पिनियनला दाते कमी आणि पिनियनचं डोकं लहान : ४.८८ म्हणजे ३९ ला ८, ५.२९ म्हणजे ३७ ला ७. लहान पिनियनवर एका वेळी कमी दात्यांवर भार येतो. गरज नसताना ते पत्करू नये.

दोन गोष्टी कारागिराशी आधीच बोलून घ्या. या टॅकोमाचा मागचा डिफ्रन्शियल अख्खा सुटून टेबलावर येतो, तिथे काम सोपं. पुढचा मात्र दोन शिंपल्यांसारख्या भागांत बंद होणारा आहे. तो गाडीतून काढावा लागतो आणि जुळवण्यासाठी पुन्हा पुन्हा उघड-बंद करावा लागतो. ज्याने तो पूर्वी केलेला नाही त्याच्याकडे देऊ नका, त्याचं बाकीचं काम कितीही चांगलं असलं तरी. दुसरं, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) बसवायचा असेल तर आत्ताच. कॅरियर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बाहेर आलेलाच असतो, लॉकरची मजुरी जवळपास वाचते. दोन्ही अ‍ॅक्सल मिळून खर्च दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो. त्यात लॉकर धरलेला नाही.

प्रश्न : जीप ग्लॅडिएटर स्पोर्ट, ३.७३ रेशो, आठ गिअरची ऑटोमॅटिक. ३७ इंची टायर घेतले आहेत. पैशांची सोय बघता या महिन्यात मागचा रेशो बदलून दोन-तीन महिन्यांनी पुढचा बदलला तर चालेल का? आकडा कोणता घ्यावा?
— एक वाचक, डॅलस, टेक्सास

उत्तर : चालेल, पण एका अटीवर : तोपर्यंत फोर-व्हील ड्राइव्ह एकदाही लावायची नाही. चिखलातही नाही, थोडं अंतरही नाही. ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे डिफ्रन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांना, एकत्र जखडतो. मागे ४.८८ आणि पुढे ३.७३ असेल तर चाकाच्या एका फेरीला मागचा शाफ्ट ४.८८ वेळा फिरायला बघतो आणि पुढचा ३.७३ वेळा. कुठेतरी काहीतरी तुटल्याशिवाय हा तंटा मिटत नाही. धोका पत्करायचा नसेल तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून बाजूला ठेवा. आमचा सल्ला मात्र दोन्ही एकदम करण्याचाच आहे, थोडं थांबावं लागलं तरी. दोन अ‍ॅक्सलमध्ये एक टक्क्याच्या आतला फरक चालतो, पुढे ४.१० आणि मागे ४.११ यासारखा. त्याहून जास्त नाही.

आकड्याआधी टायर मोजा. ३७ लिहिलेला टायर गाडीच्या वजनाखाली ३७ भरत नाही. हवा ठरलेल्या दाबावर आणा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ रेषेत बरोबर एक फेरी ढकला, पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर ३.१४ ने भागा. बहुधा ३६ च्या आसपास काहीतरी निघेल, आणि हिशेबात तोच आकडा धरायचा.

३६.२ धरून ताशी ७० मैलांना, आठव्या गिअरमध्ये (०.६७), फेऱ्या अशा येतात : ३.७३ वर १६२०, ४.५६ वर १९८५, ४.८८ वर २१२५, ५.१३ वर २२३५. याच गाडीची रुबिकॉन आवृत्ती कंपनीच्या ४.१० रेशो आणि ३२.७ इंची टायरवर याच वेगाला १९७५ च्या आसपास असते. गाडी मोकळी आणि रस्ते सपाट असतील तर ४.५६. वर तंबू, विंच, पोलादी बंपर असा संसार असेल किंवा मागे ट्रेलर असेल तर ४.८८. पहिला गिअर मुळातच ४.७१ चा आहे, त्यामुळे खडकांवर सावकाश चढण्यासाठी म्हणून ५.१३ ची गरज आठ गिअरच्या गाडीला नाही.

संच मागवताना फक्त ‘डेना ४४’ एवढं अ‍ॅक्सलचं नाव सांगून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे संच वेगळे असतात. जुन्या डेना ४४ ला आणखी एक अडचण आहे : ३.७३ पर्यंतच्या रेशोला एक कॅरियर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. जुन्या डेना ३० मध्ये ही सीमा ३.५४ आणि ३.७३ च्या मधे आहे. मोठ्या आकड्याचा पिनियन लहान असल्याने क्राउनला त्याच्याकडे सरकावं लागतं, म्हणून कॅरियरची बैठक बदलते. जुनाच कॅरियर ठेवायचा तर जाड क्राउन मिळतो तो घ्या. क्राउनखाली चकती घालून जागा भरण्याचा जुगाड करू नका. लांब झालेले बोल्ट ढिले होतात.

प्रश्न : १९९९ ची फोर्ड एफ-१५०, ४.६ लिटर, टू-व्हील ड्राइव्ह, ८.८ इंची मागचा अ‍ॅक्सल, रेशो ३.५५. टायर २३५/७०आर१६ वरून २६५/७५आर१६ केले. ४.१० टाकायचा आहे आणि काम घरी गॅरेजमध्ये करायचं आहे. बाकी दुरुस्ती करता येते, डिफ्रन्शियल कधी उघडलेला नाही.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आकडा योग्य आहे. व्यास २९ वरून ३१.६ इंच झाला, हिशेबाने ३.८८ येतो आणि त्याच्या वरचा सहज मिळणारा ४.१०. ताशी ६५ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये (सर्वांत वरच्या गिअरमध्ये) १९८० फेऱ्या होतील. मूळ टायरवर त्या १८७५ होत्या. शिकायलाही हा अ‍ॅक्सल चांगला आहे : पुढचा अ‍ॅक्सल नाही आणि ८.८ ला रेशोप्रमाणे कॅरियर बदलावा लागत नाही.

सामान : ४१ ला १० दात्यांची क्राउन-पिनियनची जोडी आणि पूर्ण इन्स्टॉल किट. किटमध्ये पिनियनची दोन आणि कॅरियरची दोन बेअरिंगं, पिनियन सील, क्रश स्लीव्ह (नट कसताना चेपणारी नळी), नवा पिनियन नट, क्राउनचे नवे बोल्ट, शिमांचा (जागा जुळवण्याच्या पातळ चकत्यांचा) संच आणि मार्किंग पेस्ट असते. क्रश स्लीव्ह जास्तीच्या दोन घ्या, त्या लागतातच. क्रॉस पिनचा लॉक बोल्टही नवा घ्या. जुना काढताना मोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. गिअर ऑइल साधारण अडीच लिटर लागतं. हत्यारांत मॅग्नेट स्टँडचा डायल गेज, मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, प्रेस आणि इंच-पौंडांचा टॉर्क रेंच हवाच. फूट-पौंडांच्या रेंचने पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगांवर आधीच दिलेला दाब) मोजता येत नाही. तो आकडा बारा पटींनी चुकतो आणि शंभर मैलांत बेअरिंग निळं पडतं.

उघडण्याआधी जुन्या जोडीचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) मोजून लिहून ठेवा. चाकं, ब्रेक, कव्हर काढा. लॉक बोल्ट आणि क्रॉस पिन काढा. अ‍ॅक्सल शाफ्ट आत ढकलून सी-क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी चिमटी) काढा आणि शाफ्ट बाहेर ओढा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी अशी खूण पंचने करा. त्या कॅप जागेवरच घासून बसवलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वेडंवाकडं बसतं. कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या शिमा बाजूप्रमाणे वेगळ्या ठेवा आणि मोजा. प्रॉपेलर शाफ्ट फ्लँजवर (पिनियनच्या बाहेरच्या टोकाच्या बैठकीवर) कुठे बसतो त्याचीही खूण ठेवा, नाहीतर नंतर थरथर शोधत बसावं लागेल. मागच्या एबीएस सेन्सरची दातेरी कडी कॅरियरवरच आहे. जुना क्राउन ठोकून काढताना तिला धक्का लागू देऊ नका.

नवा क्राउन बोल्टने ओढून बसवू नका. ओव्हनमध्ये साधारण २०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवा, तो स्वतःहून बसतो. बोल्टला लाल थ्रेड-लॉकर लावा आणि समोरासमोरचे बोल्ट घेत ७० ते ८५ फूट-पौंडांवर कसा.

इथून खरं काम सुरू होतं. जोडी स्वस्त असो वा महाग, ती आवाज न करता चालेल की सहा महिन्यांत ओरडेल हे पुढच्या चार मापांवर ठरतं.

पहिलं माप पिनियनची खोली. या अ‍ॅक्सलमध्ये शिम पिनियनचं डोकं आणि आतल्या बेअरिंगच्या मधे बसते. शिम जाड केली की पिनियन क्राउनच्या मध्याकडे आत जातो. सुरुवात जुन्या शिमेच्या जाडीने करा. बेअरिंग पुन्हा पुन्हा दाबून काढावं लागू नये म्हणून जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून ते हाताने सरकेल असं करून घ्या आणि जुळवणी त्यावर करा. नवं बेअरिंग शेवटी एकदाच दाबायचं. जुळवताना क्रश स्लीव्ह घालायची नाही. नट हलकाच कसून पिनियन ढिला राहणार नाही एवढं बघायचं.

दुसरं बॅकलॅश. संचासोबतच्या कागदावर जो आकडा असेल तोच धरा. बाजारातल्या बहुतेक संचांना ०.००६ ते ०.०१० इंच असतो. डायल गेजची सुई क्राउनच्या दात्यावर काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा आणि क्राउन हलवून तीन-चार ठिकाणी मोजा. क्राउनच्या पाठीकडची शिम जाड आणि समोरची तेवढीच पातळ केली की क्राउन पिनियनकडे सरकतो आणि बॅकलॅश घटतो. ०.०१० इंच शिम इकडून तिकडे केली की बॅकलॅश साधारण ०.००७ इंचाने बदलतो. दोन्ही बाजूंची मिळून जाडी मात्र कमी होऊ देऊ नका. कॅरियर रबरी हातोडीने ठोकून आत बसायला हवा. हाताने सरकत गेला तर बाजूचा प्रीलोड नाही, आणि भार आल्यावर क्राउन पिनियनपासून दूर ढकलला जाईल.

तिसरा ठसा, म्हणजे दाते एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण. सात-आठ दात्यांना दोन्ही बाजूंनी पिवळी पेस्ट पातळ लावा. फ्लँजभोवती चिंधी आवळून पिनियनला अडवा आणि क्राउन पान्याने दोन्हीकडे फिरवा. ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर, मऊ कडांचा हवा. दात्याच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. टोकाशी गेला तर बाहेर आहे, शिम वाढवा. सुरुवातीला ०.००५ इंचाच्या उडीने जा, जवळ आल्यावर ०.००२-०.००३ इंचाने. प्रत्येक वेळी बॅकलॅश परत जुळवून मगच ठसा बघा, नाहीतर तो फसवतो. नव्या जोडीत ठसा दात्याच्या लांबीत थोडा एका टोकाकडे असला तर मनाला लावून घेऊ नका. उंचीतली जागा महत्त्वाची आहे. अडलात तर शिमेची मोठी उडी मारून ठसा मुद्दाम बिघडवून बघा. तो कुठे सरकतो ते कळलं की परत कुठे यायचं तेही कळतं. या पायरीला अख्खा दिवस गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

चौथं माप पिनियनचा प्रीलोड, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त इथेच बिघडतं. नवी बेअरिंगं, सील, क्रश स्लीव्ह आणि नवा नट घाला. बेअरिंगांना तेल लावलेलं असू द्या. कॅरियर आत नसावा. नट कसायला लागा. स्लीव्ह चेपायला सुरुवात होईपर्यंत काहीच होत नाही असं वाटेल; २५०-३०० फूट-पौंड किंवा त्याहूनही जास्त जोर लागतो, म्हणून फ्लँज अडवायला लांब दांडी हवी. एकदा स्लीव्ह चेपू लागली की मात्र नट अगदी थोडा, घड्याळाच्या मिनिटकाट्याने दोन-तीन मिनिटं सरकावं एवढाच फिरवा, पिनियन काही फेऱ्या फिरवा आणि इंच-पौंडांच्या रेंचने मोजा. वाचन पिनियन सलग फिरत असतानाचं घ्या, हलायला लागतानाचं नाही. नव्या बेअरिंगांना फोर्डचा आकडा १६ ते २९ इंच-पौंड आहे. जास्त झाला तर नट मागे फिरवून भागवता येत नाही, कारण चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. नट काढा, स्लीव्ह फेका, नवी घाला. म्हणूनच दोन जास्तीच्या घ्यायला सांगितल्या.

बंद करण्याआधी अंतिम जोडणीवर ठसा आणि बॅकलॅश पुन्हा एकदा बघा. कॅपचे बोल्ट ७० ते ८५ फूट-पौंड. ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. घसरणरोधक क्लचवाला डिफ्रन्शियल असेल तर ऑइलमध्ये घालायचा फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका. तो नसला की वळणावर कटकट आवाज येतो.

मग गाडीला सवय करून द्या. पहिले १५-२० मैल हलक्या पायाने, नंतर पूर्ण थंड होऊ द्या; असं दोन-तीनदा. ५०० मैलांपर्यंत ट्रेलर नाही, पूर्ण थ्रॉटल नाही. या जोडीचे दाते एकमेकांवर लोळतातही आणि घसरतातही; नव्या दात्यांवरचे सूक्ष्म उंचवटे घासून बसेपर्यंत त्यांना उष्णता फार होते. पहिल्याच दिवशी ओझं लावलं तर दात्यांचं कडकपण जळतं आणि ते परत येत नाही. ५०० मैलांना ऑइल बदला. त्यात करडी बारीक भुकटी दिसणं साहजिक आहे. बोटाला टोचतील असे कण दिसले तर कव्हर उघडा.

प्रश्न : दुकानात रेशो बदलून घेतला. आता ५० ते ५५ मैलांना कूं असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो नवे गिअर आहेत, बसतील. थांबू का?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : नव्या गिअरचा आवाज ‘बसत’ नाही. तो कमी झालाच तर दाते झिजल्यामुळे होतो. पण आधी खात्री करा की आवाज तिथलाच आहे. त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या : इंजिनाच्या फेऱ्या बदलूनही आवाज तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. गुळगुळीत डांबरावर बदलला किंवा गेला तर मोठ्या गाठींच्या टायरचा. लांब वळणावर एका बाजूला झुकताना वाढला तर चाकाच्या बेअरिंगचा.

यातलं काहीच नसेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय बघा. पाय दाबलेला असताना ओरडतो, सोडल्यावर गप्प होतो, तर बहुधा पिनियनची खोली चुकलेली आहे. पाय सोडल्यावर, गाडी घरंगळताना ओरडतो, तर पिनियनचा प्रीलोड ढिला असण्याची शक्यता मोठी आहे. नट नीट कसला गेला नसेल. सगळ्या वेळी खालच्या पट्टीतली घरघर असेल तर बेअरिंग. वीसेक मैल चालवल्यावर पिनियनच्या सीलजवळची जागा हाताला सोसवणार नाही इतकी तापत असेल तर गाडी पुढे चालवू नका, प्रीलोड जास्त आहे.

दुकानदाराकडे तीन आकडे लेखी मागा : बॅकलॅश किती ठेवला, पिनियन प्रीलोड किती इंच-पौंड, खोलीची शिम किती. ठशाचा फोटोही मागा. ज्याने मापून काम केलं त्याच्याकडे हे असतंच. नसेल तर कव्हर उघडून ठसा पाहण्याचा आग्रह धरा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि वाद तिथेच मिटतो.

प्रश्न : वापरलेली शेव्हरोले पिकअप घेतली. आत कोणता रेशो आहे हे न उघडता कसं कळेल?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : प्रॉपेलर शाफ्टवर आणि हाउसिंगवर खडूची खूण करा. मागची बाजू उचला, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना घट्ट आडण. साधा, लॉकर नसलेला डिफ्रन्शियल असेल तर एक चाक अडवून दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पावणेचारला थोडी कमी म्हणजे ३.७३, चारच्या किंचित पुढे म्हणजे ४.१०. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरत असतील तर आत लॉकर किंवा घसरणरोधक आहे. मग दोन्ही चाकं मिळून एकच फेरी मोजा. कंपनीच्या स्टिकरवर विसंबू नका, आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो. आणि पुढे कधी उघडलात तर ध्यानात ठेवा : जीएमच्या (शेव्हरोलेच्या मालक कंपनीच्या) ८.५ इंची टेन-बोल्ट अ‍ॅक्सलमध्ये क्राउनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून सवयीच्या दिशेने सोडायला गेलात तर ते आवळले जाऊन मोडतात.

प्रश्न : टोयोटा हायलक्स घेतली आहे. २६५/६०आर१८ काढून १७ इंची रिमवर २८५/७०आर१७ टाकायचे आहेत. ताम्हिणी, वरंध अशा घाटांत नेहमी जाणं होतं. अमेरिकेत करतात तसा रेशो बदलावा लागेल का? स्पीडोमीटर चुकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रेशो बदलू नका. व्यास ३०.५ वरून ३२.७ होतो, वाढ सात टक्के. तुमच्या २.८ लिटर डिझेलचा पूर्ण टॉर्क ऑटोमॅटिकमध्ये १६०० फेऱ्यांपासून आणि मॅन्युअलमध्ये १४०० पासून मिळतो. वरच्या उत्तरातल्या पेट्रोल टॅकोमाचं दुखणं इथे नाही. घाटात एक गिअर खाली ठेवून चाला. मॅन्युअल असेल तर चढावर गाडी सुटताना क्लचवर जास्त भार येईल. कच्च्या, खड्या वाटेवर फोर-लो (फोर-व्हील ड्राइव्हची सावकाश, जास्त ओढीची पायरी) लावा. तिथे ट्रान्सफर केस जे काम करतो त्यापुढे सात टक्के काहीच नाहीत.

स्पीडोमीटर चुकेल. काट्यावर ८० असेल तेव्हा गाडी साधारण ८५-८६ वर असेल. वेग चाकांच्या सेन्सरवरून मोजणाऱ्या गाड्यांत क्राउन-पिनियन बदलल्याने काटा हलत नाही, टायर बदलल्याने हलतो; वेग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरून मोजणाऱ्या गाड्यांत दोन्हींनी हलतो. दुरुस्ती गाडीच्या संगणकात टायरचा परीघ नव्याने भरून होते. उतारावर सात टक्के मोठं आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात, हेही ध्यानात असू द्या.

आणि टायर घेण्याआधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनी टायरचा आकार बघते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने स्वतः दिलेला आकार घेणं हा सुरक्षित मार्ग आहे : हायलक्समध्ये तो २६५/६५आर१७ आहे. त्याचा व्यास तुमच्या आताच्या टायरएवढाच, ३०.६ इंच, पण रिम लहान झाल्यामुळे टायरची भिंत तेरा मिलिमीटरने उंच होते, आणि घाटातल्या दगडांवर उपयोगी पडते ती हीच उंची. त्यात ऑल-टेरेन नक्षीचा टायर बघा.